सहावी-सातवीच्या मुलांना इंग्रजी वाचताच येत नाही, मग पुस्तक शिकवायचं की एबीसीडी?

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत नव्यानेच लागलात, सहावी ते आठवीचं इंग्रजी तुमच्या वाट्याला आलं, वर्गातल्या निम्म्या मुलांना साधं वाक्य वाचता येत नाही, हेडसर म्हणतात पोर्शन संपवा, आणि तुम्हाला कळत नाहीये की पुस्तक धरायचं की मागे जाऊन एबीसीडी घ्यायची. माझं उत्तर, दोन्ही करा, पण एकाच वेळी आणि एकाच पद्धतीने नाही. आणि त्याआधी एक गोष्ट उद्यापासून बंद करा, ती म्हणजे एक ओळ वाचायची आणि तिचं मराठी सांगायचं, परत पुढची ओळ वाचायची आणि तिचं मराठी सांगायचं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी इंग्रजीचा तास म्हणजे हेच असतं, आणि मुलं वाचायला शिकत नाहीत त्याचं सगळ्यात मोठं कारणही मला हेच वाटतं.

कारण बघा, मूल हुशार असतं. त्याला माहिती असतं की बाईंनी इंग्रजी ओळ वाचली की मागून मराठी येणारच आहे, मग इंग्रजीकडे लक्ष कशाला द्यायचं, मराठी ऐकली की गोष्ट कळली, मग बाई फळ्यावर उत्तरं लिहून देणार, ती वहीत उतरवायची, झालं. वर्षभरात त्या वर्गात सगळ्यात जास्त इंग्रजी कोणी वाचलं तर ते बाईंनी. तुम्ही एक करून बघा, सातवीतल्या ज्या मुलीची वही एकदम सुंदर आहे, अक्षर मोत्यासारखं आहे, तिला तिचीच वही कुठलंही पान उघडून वाचायला सांगा. बऱ्याच जणींना येत नाही. ते लिहिणं नव्हतंच, चित्र काढल्यासारखं उतरवणं होतं.

आणि निम्म्या वर्गाला येत नाही म्हणून घाबरून जाऊ नका, तुमची शाळा काही जगावेगळी नाहीये. असर, म्हणजे मुलांना वाचता-लिहिता किती येतं हे घरोघरी जाऊन तपासणारं सर्वेक्षण, त्याच्या 2022 च्या ग्रामीण अहवालात देशभरातल्या आठवीच्या मुलांपैकी 46.7 टक्के मुलांनाच इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचता आली होती. दुसरी बाजू पण बघा, आपल्या राज्यात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, त्याआधी पाचवीपासून होतं. म्हणजे सहावीत आलेल्या पोराने पाच वर्षं इंग्रजी ऐकलेलं असतं, गाणी म्हटलेली असतात, कमांड ऐकलेल्या असतात, त्याच्या कानात शेकडो शब्द आहेत. फक्त ते कागदावरचे दिसल्यावर ओळखता येत नाहीत. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं काम त्या कानातल्या शब्दांच्या जिवावर करायचंय.

पहिल्या आठवड्यात शिकवूच नका, ऐका. दुसरी-तिसरीच्या बालभारतीच्या पुस्तकातला एखादा छोटा उतारा घ्या, एकेका मुलाला जवळ बोलवा आणि एक मिनिट वाचायला सांगा, बाकीच्यांना तोवर काहीतरी लिहायला द्या. व्हरांड्यात खुर्ची टाकून घ्या म्हणजे बाकीच्यांसमोर लाज वाटत नाही. उताऱ्याशेजारचं चित्र झाका आणि सुरुवात मधूनच करायला लावा, कारण काही मुलांना धडे तोंडपाठ असतात आणि ती नजर कागदावर ठेवून घडाघडा म्हणून दाखवतात, तुम्ही फसाल. वर्गाचे साधारण तीन ढीग पडतील, अक्षरं ओळखतो पण जोडता येत नाहीत, शब्द अडखळत वाचतो, आणि छान वाचतो पण काय वाचलं विचारलं तर छताकडे बघतो. तिसऱ्या ढिगाकडे कोणाचंच लक्ष जात नाही, कारण ती मुलं 'येतं' या खात्यात जमा असतात.

आता पहिला ढीग. यांना रोज तासाच्या सुरुवातीला किंवा परिपाठाच्या आधी पंधरा मिनिटं द्या, दीड-दोन महिने खंड न पडता, पण रोज म्हणजे रोज, आठवड्यातून एकदा तासभर घेऊन उपयोग नाही. अडचण काय असते ते समजून घ्या. आपल्या मुलाला बाराखडी येते, क ला वेलांटी दिली की आवाज ठरला, जे लिहिलं ते वाचायचं. इंग्रजीत त्याला अक्षराचं नाव शिकवलंय, आवाज नाही. मग तो 'डब्ल्यू ए टी ई आर वॉटर' असं घोकतो आणि सगळ्यांना वाटतं वाचता येतंय, पण त्याच्यासमोर न घोकलेला शब्द ठेवा, तिथेच गाडी थांबते. त्यामुळे नावं बाजूला ठेवून आवाज घ्या, बी चा ब, एम चा म, आणि मग शब्दांची कुटुंबं घ्या, कॅट मॅट रॅट बॅट, पिन टिन विन, फक्त पहिलं अक्षर बदलत जायचं. हे बसलं की शेवटच्या ई ची गंमत दाखवा, कॅप ला ई लावला की केप, पिन ला लावला की पाईन, हॉप चं होप, मोठ्या मुलांना हे फार आवडतं कारण यात नियम सापडल्याचा आनंद असतो. मग एस एच, सी एच, टी एच, मग ई ई, ओ ओ, ए आय. आणि 'वॉज', 'सेड', 'वन', 'वुड', 'देअर' असे जे शब्द नियमात बसतच नाहीत ते भिंतीवर लावून रोज नजरेखालून घाला, त्यांचं कारण शोधत बसू नका.

एक मात्र सांभाळा. सातवीतल्या ज्या मुलाला मिसरूड फुटलंय त्याच्या हातात 'ए फॉर ॲपल' चं रंगीत पुस्तक देऊ नका, तो मेला तरी वाचणार नाही आणि त्यात त्याची चूक नाही. त्याच्या वयाचं साहित्य आजूबाजूला पडलंय. बियाण्याची पिशवी, औषधाच्या बाटलीवरचं 'शेक वेल बिफोर यूज', ट्रकच्या मागचं 'हॉर्न ओके प्लीज', मोबाईलमधलं 'सेटिंग्ज', 'स्टोरेज', 'बॅटरी लो'. हे शब्द तो बघून ओळखतो, अक्षरांवरून नाही, मग ते तोडून दाखवा, हॉर्न मधला ओ आर कुठे आहे, तोच 'कॉर्न' मध्ये, 'बॉर्न' मध्ये. सगळ्यात भारी म्हणजे क्रिकेटचं स्कोअरकार्ड. 'कॉट', 'बोल्ड', 'रन आउट', 'नॉट आउट' हे सगळ्यांना माहिती. आदल्या दिवशीच्या मॅचचं स्कोअरकार्ड फळ्यावर लिहा आणि विचारा, हू गॉट आउट फर्स्ट, हाऊ. जी पोरं वर्षभर तोंड उघडत नाहीत ती 'ही वॉज कॉट' म्हणायला लागतात. मुलींना क्रिकेटमध्ये रस नसतो असं समजू नका, आमच्याकडे स्कोअर सगळ्यात आधी मुलीच सांगायच्या.

इंग्रजी ओळीच्या वर पेन्सिलने देवनागरीत उच्चार लिहायची सवय तुमच्याही वर्गात असणार. एकदम बंदी घालू नका, ती त्यांची काठी आहे. पण लिहिलं की डोळा वरच्या ओळीवरच चालतो, खालच्या इंग्रजीकडे मूल बघतच नाही, हे पण खरं. मी अशी तडजोड करते की एका परिच्छेदात जास्तीत जास्त तीन अवघड शब्दांवर लिहायचं, तेही समासात, आणि शुक्रवारी ते खोडायचं. खोडल्यावर वाचता आलं तर झालं, नाही आलं तर परत लिही. हळूहळू समास आपोआप मोकळा होत जातो.

आता पुस्तकाचा धडा, म्हणजे पोर्शन, जो सगळ्या वर्गाला एकत्र घ्यायचाय. पहिल्यांदा तुम्ही स्वतः मोठ्याने वाचा, चांगलं नाटकी वाचा, मधे न थांबता. सुरुवातीला चार-पाच शब्द सांगा फक्त, ज्यांच्याशिवाय गोष्ट कळणारच नाही तेवढेच, वीस शब्दार्थ फळ्यावर लिहायचं सोडा. मुलांनी पुस्तकात बोट ठेवून ऐकायचं, ज्यांना वाचता येत नाही त्यांनीसुद्धा. मग एक प्रश्न द्या, एकच, ज्याचं उत्तर शोधायला परत वाचावं लागेल, समजा गोष्ट एका म्हाताऱ्याची असेल तर 'म्हातारा का चिडला' असा, 'म्हाताऱ्याचं नाव काय' असा नाही. आणि मुलांना जोडीने वाचू द्या, वर्गात गलका होईल, होऊ द्या.

चर्चेसाठी माझा वर्गातला नियम हा, बोलणं मराठीत चालेल पण पुरावा इंग्रजीत. म्हणजे पोरगं म्हणालं की म्हातारा मनातून प्रेमळ आहे, तर मी म्हणते दाखव कुठे लिहिलंय. त्याने पुस्तकातल्या वाक्यावर बोट ठेवायचं आणि ते वाक्य वाचायचं, अडखळत का होईना. इतर मुलं वाद घालतात, नाही बाई, इथे तर त्याने दरवाजा लावून घेतला, आणि ते आपलं वाक्य शोधतात. या वयाची मुलं भांडणात पटाईत असतात, त्याचा फायदा घ्या. विचार करायला मराठी लागणारच, बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यातला विचार त्याच्या इंग्रजीपेक्षा कितीतरी मोठा असतो, तो 'येस बाई, नो बाई' मधे कोंबला की मूल स्वतःलाच बावळट समजायला लागतं. पण इंग्रजी वाक्यावर नजर तीन-चार वेळा गेली पाहिजे, ती या बोट ठेवण्याने जाते. तुम्ही मराठी सांगून टाकलं असतं तर एकदाही गेली नसती. तो तिसरा ढीग, छान वाचणारा पण न समजणारा, तो यातूनच हलतो, त्याला दुसरं औषध नाही.

कवितेला मात्र अर्थाच्या मागे लागू नका. तालावर म्हणा, बाक वाजवा, गटागटाने म्हणा, अर्थ निम्मा कळला तरी चालेल.

लिहिण्याबद्दल जरा जास्त बोलते, कारण सगळ्यात जास्त ढोंग इथे चालतं. 'माय मदर', 'माय फेवरेट फेस्टिव्हल', 'अ रेनी डे', गाईडमधून उतरवलेले निबंध, चाळीस वह्यांमधे चाळीस आया एकसारख्या, सगळ्या सकाळी लवकर उठणाऱ्या. त्याऐवजी रोज तासाच्या शेवटची पाच मिनिटं, दोन ते तीन ओळी, स्वतःच्या. सुरुवातीला साचा द्या, 'आय थिंक अमुक बिकॉज तमुक', 'येस्टरडे आय सॉ अमुक', 'ॲट फर्स्ट असं, बट नाऊ असं'. 'बिकॉज' वाला साचा महिनाभर वापरा, कारण त्याने मूल कारण द्यायला लागतं आणि वाक्य आपोआप लांबतं. शब्द अडला तर मराठी शब्द तसाच लिहायची परवानगी ठेवा, 'माय आजी मेड भाकरी अँड ठेचा' हे पूर्ण इंग्रजी वाक्य आहे असं मी मानते. कोऱ्या कागदाची भीती गेली पाहिजे, बाकी नंतर बघू.

आणि तपासायचं कसं, तर सगळं लाल करू नका. समजा मुलाने लिहिलं, 'येस्टरडे माय ब्रदर इज गो टू मार्केट अँड ब्रिंग ओनियन'. पहिली नजर चुकांवर जाते, पण आधी बघा त्याने बरोबर काय केलंय. मराठीत क्रियापद शेवटी येतं, 'भाऊ बाजारात गेला', याने ते उचलून मधे आणलं, म्हणजे इंग्रजी वाक्याचा क्रम त्याला बसलाय, ही छोटी गोष्ट नाही. मोठी चूक दोनच ठिकाणी आहे. 'इज' त्याने डिंकासारखा वापरलाय, कर्ता आणि क्रियापद चिकटवायला, कारण पहिलीपासून त्याने 'धिस इज', 'माय नेम इज' इतक्या वेळा म्हटलंय की प्रत्येक वाक्यात इज लागतोच असं त्याला वाटतं. आणि दुसरं म्हणजे भूतकाळ. तर या आठवड्यात सगळ्या वर्गाचा फक्त भूतकाळ तपासा, ओनियनचं अनेकवचन आणि मार्केटच्या आधीचा 'द' सोडून द्या. आर्टिकल तर मी सहावी-सातवीत जवळजवळ बघतच नाही, मराठीत ती सक्तीची गोष्टच नाही, वाचन वाढलं की कानाने येतात, नियम सांगून येत नाहीत. एका आठवड्याला एकच चूक, आणि ती कोणती ते मुलांना आधी सांगून टाका म्हणजे ती स्वतःच शोधतात.

व्याकरण म्हणाल तर 'सिंपल प्रेझेंट टेन्स'ची व्याख्या पाठ असणारी आणि 'ही गो' लिहिणारी मुलं तुम्ही रोज बघत असाल. व्याख्या बाजूला ठेवा, मराठीचा आधार घ्या, हा आधार भाषांतरासाठी नाही तर फरक दाखवायला. 'तो काल गेला का' हे आपलं वाक्य, इथे 'गेला' तसाच राहतो आणि नुसता 'का' लावला की प्रश्न झाला. इंग्रजीत भूतकाळ एकाच जागी दाखवायचा, डिड पुढे आला की तो भूतकाळ त्याने घेतला, म्हणून 'डिड ही गो', मागे 'वेंट' उरत नाही. असं सांगितलं की मुलांना पटतं, नुसतं 'डिडनंतर पहिलं रूप' असं घोकवलं की परीक्षेपुरतं राहतं. तसंच 'मला आंबा आवडतो'. मराठीत क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, आंबा 'आवडतो' पण 'मला कैरी आवडते', मग मुलं 'मी लाइक मँगो' किंवा 'मँगो लाइक मी' लिहितात आणि आपण हसतो. 'मला भूक लागली', 'मला माहितीये', 'मला ताप आलाय', असली 'मला'वाली वाक्यं एकत्र घ्या, एक तास द्या, आणि दाखवा की इंग्रजीत इथे 'आय' पुढे येतो, 'आय अ‍ॅम हंग्री', 'आय नो', 'आय हॅव अ फीवर'. एवढ्या एका तासाने वर्षभराच्या कितीतरी चुका कमी होतात.

बोलण्याचं थोडक्यात. हजेरी, पाणी प्यायला जाऊ का, खिडकी उघडा, हे सगळं इंग्रजीत ठरवून टाका. मुलाने एका शब्दात उत्तर दिलं तर तोच शब्द वाक्यात घालून तुम्ही परत म्हणा, 'मार्केट', 'ओ, यू वेंट टू द मार्केट', चूक सुधारली असं जाहीर करू नका. आणि कोणी कोणाला हसलं तर तिथल्या तिथे थांबवा, यात अजिबात सूट नको, सातवीतल्या मुली एकदा हसू झालं की वर्षभर गप्प बसतात. 'स्कूल'ला 'इस्कूल' म्हणालं तर म्हणू दे.

तुमच्याकडे अजून एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईच्या ट्रेनिंगमधे कोणी बोलत नाही, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं. दिवाळीच्या आसपास मुलं जातात आणि मार्च-एप्रिलला परत येतात, काही आजीकडे राहतात, काही कारखान्यावर. तुमचं दोन महिन्यांचं आवाजांचं काम जून-जुलैतच पूर्ण करा, ऑगस्टवर ढकलू नका, म्हणजे ती मुलं जायच्या आधी किमान जोडून वाचायला लागतील. जाताना त्यांच्याबरोबर एक पातळ वही द्या, तुम्ही लिहिलेल्या दहा-बारा छोट्या वाचनपाठांची, जमिनीच्या, उसाच्या, बैलांच्या विषयांची. आई-बापाला इंग्रजी येत नसेल तरी त्यांना एवढं सांगा की रोज पोराला मोठ्याने वाचायला लावा आणि ऐका, बरोबर-चूक बघू नका. परत आल्यावर त्यांना शेवटच्या धड्यात ढकलू नका, परत तीच एक मिनिटाची चाचणी घ्या आणि जिथे आहेत तिथून उचला.

हेडसरांचा प्रश्न राहिला. पोर्शन म्हणजे पुस्तकातलं प्रत्येक पान नव्हे. पुस्तक चाळून ज्या पाठांमधे गोष्ट आहे ते तीन-चार नीट खोलात घ्या, माहितीपर पाठ लवकर उरका. ती रोजच्या दोन-तीन ओळींची वही आणि एका मिनिटाच्या वाचनाची नोंद तुम्हाला आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या नोंदींच्या, रजिस्टरला थेट वापरता येते, वेगळी खोटी नोंद करत बसायला नको, आणि हेडसरांपुढे जून आणि सप्टेंबरचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की बहुतेक हेडसर बोलायचे थांबतात. शिष्यवृत्ती परीक्षेला मराठी माध्यमाच्या मुलांना तृतीय भाषा म्हणून इंग्रजी असतं, तिथे उताऱ्यावरचे प्रश्न येतात, आणि बोट ठेवून पुरावा शोधायची सवय तिथे सरळ कामाला येते. तुमच्याकडे सेमीचा वर्ग असेल, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून असेल, तर विज्ञानाच्या सरांना रोजचे पाच शब्द विचारून घ्या, 'हीट', 'मेल्ट', 'मेझर' असले, आणि तुमच्या तासाला त्यांची वाक्यं करा, त्यांचं ओझं कमी होतं आणि मुलांना कळतं की हे इंग्रजी कुठेतरी लागतं.

वाचायला जास्तीचं साहित्य हवं असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर फुकट गोष्टी आहेत, लेव्हलप्रमाणे लावलेल्या, आणि बऱ्याचशा मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. आधी मराठी वाचायला द्या, दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीत, गोष्ट माहिती असल्यामुळे पूर्ण जोर वाचण्यावर जातो. लेव्हल दोनपासून सुरू करा, मोबाईलवर दाखवू नका, प्रिंट काढा, एका गोष्टीच्या पाच-सहा प्रती पुरतात कारण जोड्यांनी आलटून पालटून वाचायचंय. झेरॉक्सचा खर्च शाळा अनुदानातून निघतो का ते हेडसरांना जूनमधेच विचारून ठेवा, मार्चमधे विचारलं तर पैसे संपलेले असतात.